खरी उंबांदा कोणती, आजेसासूबाईंची की बायकोची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकचे, तीन वर्षांपासून ब्राझीलमधल्या कांपिनासला नोकरीला, बायको ब्राझिलियन. आजेसासूबाई चाळीसेक वर्षं एका छोट्या उंबांदा घरात जातात (उंबांदा म्हणजे अंगात स्पिरिट येऊन सल्ला देतं असा इथला ब्राझिलियन धर्म), तिथे ढोल नाही, दारू नाही, सगळे पांढऱ्या कपड्यात, गाणीसुद्धा हळू आवाजात, एशूचं, म्हणजे चौरस्त्यावरच्या स्पिरिटचं, नाव पाहुण्यांसमोर कोणी काढत नाही. बायको लग्नाआधीपासून दुसऱ्याच घरात जाते, तिथे तीन ढोल, सिगारचा धूर, कशासा म्हणजे उसाची दारू, आणि महिन्यातून एकदा एशू-पोंबाजिराची रात्र. आता मुलगी आठ महिन्यांची झालीय, तिचा बातिझादो, म्हणजे उंबांदातला बाप्तिस्मा करायचाय, आणि आजी हिणवून म्हणतात "ती मकुंबा आहे, उंबांदा नव्हे", बायको म्हणते "आजींची उंबांदा गोऱ्यांनी धुऊन काढलेली आहे", आणि तुम्ही मध्ये. म्हणून तुम्ही विचारलंत की खरी परंपरा कोणती, आणि मी हिंदू माणूस, मी यात काय करावं.

मी कुडाळजवळची, साओ पावलोत एकोणीस वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं मी एका तेरेइरोत, म्हणजे उंबांदाच्या घरात, कांबोनी आहे. कांबोनी म्हणजे ज्याच्या अंगात स्पिरिट येतं त्याचा मदतनीस. मेणबत्ती लावणं, पाइप भरून देणं, औषधाला सांगितलेला पाला लिहून घेणं, आणि म्हाताऱ्या गुलामांच्या बोलीत स्पिरिट जे बोलतं ते समोरच्याला साध्या पोर्तुगीजमध्ये सांगणं, अशी सगळी कामं. पहिल्या वर्षी मलाच अर्धं कळायचं नाही आणि मी लोकांना समजावून सांगायचे, देवाला काळजी. माझ्या स्वतःच्या अंगात काही येत नाही, त्यामुळे बारा वर्षं शुद्धीवर राहून बघितलेलं सांगतेय एवढंच. आणि जे सांगेन ते साओ पावलो आणि थोडं रिओचं, दक्षिणेकडे पोर्तो आलेग्रेला किंवा ईशान्येला रेसीफेला गेलात तर यातलं निम्मं बदलेल.

पहिलं म्हणजे "खरी कोणती" हा प्रश्न तुमच्या डोक्यात आपल्याकडून आलाय असं मला वाटतं. आपल्याला सवय असते की कुठेतरी एक मूळ पीठ असणार, एक ग्रंथ असणार, त्यावरून बाकीच्यांना मोजायचं. उंबांदाला पोप नाही, शंकराचार्य नाही, सगळ्यांना मान्य असा एक ग्रंथ नाही. फेडरेशन्स आहेत, बऱ्याच आहेत, पण त्या कागदपत्रं आणि कार्यक्रम बघतात, कोणत्या गाण्यानंतर कोणतं गाणं हे त्या ठरवत नाहीत. ते ठरवतं घर. घर म्हणजे तेरेइरो, तेंदा, सेंत्रो, काहीही म्हणा. आणि घराचा शब्द म्हणजे तिथल्या माँय-दि-सांतूचा किंवा पाय-दि-सांतूचा, आणि त्यांच्याही वर त्यांच्या अंगात येणाऱ्या मुख्य गियाचा, म्हणजे मार्गदर्शक स्पिरिटचा. (माँय म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली मायच ऐकू आली. दुसऱ्या क्रमांकाच्या बाईला "छोटी माय" म्हणतात, ते तर इतकं घरगुती आहे की मी तिथेच विरघळले.)

आता ही विविधता येते कशी ते बघा, कारण हे कळलं की तुमच्या घरातलं भांडण अर्धं सुटेल. एखादी बाई एका घरात पंधरा-वीस वर्षं काढते, शिकते. मग एक दिवस तिचा मुख्य गिया सांगतो की आता स्वतःचं घर उघड. ती आईच्या घरातून गाणी नेते, झाडपाल्याचं ज्ञान नेते, कोंगा म्हणजे वेदी कशी मांडायची ते नेते. पण तिचा गिया वेगळा, त्याला बोलायची, काम करायची वेगळी सवय, मग काही गोष्टी बदलतात. तिचा नवरा कांदोंब्ले, म्हणजे आफ्रिकेतून आलेला शेजारचा धर्म, मानणाऱ्या घरातला असेल तर तिकडचं काही येतं. ती आधी कार्देक नावाच्या फ्रेंच माणसाच्या स्पिरिटिझममध्ये, म्हणजे मेलेल्यांशी बोलण्याच्या पंथात, असेल तर पुस्तक वाचून मग सुरुवात करायची पद्धत येते. माँय वारली की घर कधी बंद पडतं, कधी दोन होतात, आणि दोन्ही म्हणतात आम्हीच तिचं चालवतो, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. आमचंच घर घ्या, आमच्या माँयच्या गुरूच्या घरात रिओला स्त्रिया ढोल वाजवत नसत, आमच्याकडे गेली सात वर्षं एक मुलगी वाजवते कारण माँयच्या काबोक्लोने, म्हणजे तिच्या अंगात येणाऱ्या इथल्या आदिवासी स्पिरिटने, तसं सांगितलं. रिओहून पाहुणे आले की अजूनही भुवया वर जातात. मग आम्ही परंपरा मोडली का? आमच्या लेखी नाही, कारण गिया सांगेल ते करायचं ही परंपराच आम्हाला तिकडून मिळाली.

आता इतिहास, कारण दोन्ही बाजू इतिहासाचाच दांडका वापरतात.

आजी ज्या बाजूच्या आहेत ती बाजू १९०८ ची गोष्ट सांगते. १५ नोव्हेंबर १९०८, रिओच्या समोर खाडीपलीकडे नितेरॉय. सतरा वर्षांचा झेलियो दि मोरायस नावाचा मुलगा आजारी होता, घरच्यांनी त्याला स्पिरिटिस्टांच्या बैठकीला नेलं. तिथे टेबलाभोवती बसलेल्या लोकांच्या अंगात काळ्या गुलामांची आणि इथल्या आदिवासी लोकांची स्पिरिट्स यायला लागली, तर बैठकीच्या प्रमुखाने त्यांना मागासलेली म्हणून हाकललं. तेव्हा झेलियोच्या तोंडून एक काबोक्लो बोलला, की यांना इथे जागा नसेल तर उद्या माझ्या घोड्याच्या घरी, म्हणजे या मुलाच्या घरी, नवीन पंथ सुरू होईल, तिथे सगळ्यांना जागा असेल. स्वतःचं नाव त्याने सात चौरस्त्यांचा काबोक्लो असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साओ गोंसालोतल्या नेव्हेस भागात ते झालं आणि पुढे दयेच्या मातेच्या, नोसा सेन्योरा दा पियेदादीच्या नावाने तेंदा उभी राहिली. २०१२ च्या कायद्याने १५ नोव्हेंबर हा राष्ट्रीय उंबांदा दिवस झालाय. आणि मूळ घर २०११ मध्ये पाडलं गेलं, म्हणजे दिवस मिळायच्या एक वर्ष आधी घर गेलं, हे माझं कायमचं दुखणं आहे पण असो.

तुमच्या मुद्द्याचं म्हणजे, झेलियोच्या त्या घरात ढोल नव्हते. पैसे घ्यायचे नाहीत, प्राणी मारायचा नाही, साधे पांढरे कपडे. आजी म्हणतात तसंच. तेव्हा "आजींची उंबांदा नंतर धुतलेली" हे बायकोचं म्हणणं जसंच्या तसं धरता येत नाही, त्यांचं घर त्या पहिल्या तेंदाच्या बरंच जवळ आहे.

पण बायकोची बाजूही ऐका. उंबांदा हा शब्द १९०८ च्या आधीचा आहे. अंगोलातल्या किंबुंदु भाषेत त्याचा अर्थ वैदूगिरी, बरं करण्याची विद्या, आणि ती जाणणारा तो किंबांदा. हेली शातलँ नावाच्या स्विस मिशनऱ्याने १८९४ मध्ये अंगोलातल्या लोककथा छापल्या त्यात हा शब्द आहे. रिओच्या वस्त्यांमध्ये मकुंबा म्हणून जे चालायचं, एस्पिरितो सांतो राज्यात काबुला म्हणून जे चालायचं, त्यात ढोल, स्पिरिट अंगात येणं, झाडपाला, सगळं होतं, झेलियोच्या आधीपासून. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की उंबांदा एका रात्रीत जन्मली नाही, साधारण १९२० आणि ३० च्या दशकात तिला आजचा आकार आला, आणि १९०८ ची गोष्ट "सुरुवात" म्हणून सगळीकडे पसरली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. मला स्वतःला दोन्ही एकत्र बाळगायला काही त्रास होत नाही. आपल्याकडे देवळाचं महात्म्य वेगळं आणि देवळाचा इतिहास वेगळा, दोन्ही सांगणारा गुरव एकच असतो.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगणार की उंबांदा हा शब्द संस्कृत आहे, ओम आणि बंध. आणि तुम्हाला आनंद होणार, मलाही झाला होता, मी लगेच आईला फोन केला होता. थांबा. ही व्युत्पत्ती ऑक्टोबर १९४१ मध्ये रिओला उंबांदाचं पहिलं अधिवेशन भरलं तिथे मांडली गेली, ओम-बंधन असं काहीतरी. त्या वेळी ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष व्हार्गसची हुकूमशाही होती, पोलीस तेरेइरोंवर धाडी घालत होते, आणि रिओत पोलिसांचा एक खास विभाग होता जो अमली पदार्थ आणि "भोंदूगिरी" दोन्ही एकत्र बघायचा. अशा वेळी शिकलेल्या मध्यमवर्गीय उंबांदावाल्यांना सिद्ध करायचं होतं की आमचा धर्म आफ्रिकेतला "रानटी" नाही, तो पूर्वेकडून, भारतातून आलेला फार प्राचीन आहे. म्हणजे आपलं संस्कृत तिथे आलं ते आफ्रिकेवर पांघरूण घालायला. हे कळल्यावर माझा आनंद जरा उतरला. त्यामुळे तुम्ही भारतीय म्हणून कोणी हौसेने विचारलं तर हसून सांगा की आमच्याकडे बंध शब्द आहे पण हा शब्द अंगोलाचा आहे. आमच्या माँयला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चला, एका भारतीयाने तरी परत केला.

ढोलावर येते, कारण तुमच्या घरातलं खरं भांडण ढोलावर आहे असं मला वाटतं. त्याला अताबाकी म्हणतात, बहुतेक ठिकाणी तीन असतात, मोठा, मधला, छोटा, वाजवणारा तो ओगां. आजी म्हणतात ढोल नाही म्हणून आमचं शुद्ध. बायको म्हणते ढोल नाही म्हणून तुमचं बाटलेलं. दोघीही ढोल नसण्याला एकच अर्थ लावतायत आणि इथेच गडबड आहे. ढोल नसायची कारणं मला माहीत असलेली निदान चार. एक, घर कार्देककडून आलेलं, तिथे शांतता म्हणजे एकाग्रता. दोन, मुख्य गियाने सांगितलं नको. तीन, शेजारी. हसू नका, साओ पावलोत भिंतीला भिंत लागून घर असेल आणि शेजारी रोज तक्रार करत असेल तर टाळ्यांवर भागवणारी घरं मी बघितलीत. आणि चार, भीती. याच्यावर जरा थांबते.

ईशान्येला आलागोआस राज्यात मासेयो शहर आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत तिथे जमावाने शहरातली आफ्रिकन देवघरं एकामागून एक फोडली, त्याला शांगोची तोडफोड म्हणतात, शांगो हे तिकडच्या आफ्रिकन पंथाचं नाव. त्यानंतर तिथे कित्येक वर्षं लोक पूजा करायचे पण ढोलाशिवाय, दबक्या आवाजात, त्या पद्धतीला नावच पडलं "हळू म्हटलेला शांगो". ती उंबांदा नव्हे, शेजारची परंपरा, पण साओ पावलोतले किती म्हातारे लोक ईशान्येकडून आलेत ते तुम्हाला माहीतच आहे. रिओतही तेच, पोलिसांनी जप्त केलेले ढोल, माळा, मूर्ती, शंभर वर्षांपासूनच्या वस्तू पोलिसांच्याच म्युझियममध्ये पडून होत्या, त्या २०२० मध्ये कुठे बाहेर आल्या आणि प्रजासत्ताक संग्रहालयात गेल्या, आता त्या संग्रहाला "आमचं पवित्र" असं म्हणतात.

आमच्याकडे एक आजी यायच्या, आता नाहीत. ढोल सुरू व्हायच्या आधी उठून रस्त्याकडची खिडकी लावून यायच्या, दर वेळी. एकदा उकाडा फार होता, मी उघडली, त्यांनी परत लावली. मी विचारलं का, तर म्हणाल्या सवय. मग माँयने सांगितलं की त्यांच्या लहानपणी बापाला जिरा चालू असताना उचलून नेलं होतं. (जिरा म्हणजे स्पिरिट्स येण्याची बैठक, गोलाकार फिरणं. फोडणीचा नाही.) तर तुमच्या आजेसासूबाईंच्या घरात ढोल का नाही, हे त्यांना एकदा विचारा. "का नाही" असं वादात विचारू नका, कधीपासून नाही, आधी होता का, त्यांच्या आईच्या वेळी कसं होतं असं विचारा. मला वाटतं बायकोलाही उत्तर माहीत नसेल.

एशूबद्दल. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त गोंधळ वाटला असेल कारण लाल-काळे कपडे, शिंगांच्या मूर्ती, आणि बाहेर इव्हांजेलिकल लोक ओरडत असतात की हा सैतान. एशू सैतान नाही. आफ्रिकन मुळात तो चौरस्त्याचा, निरोप पोचवणारा. उंबांदात एशू आणि पोंबाजिरा ही रस्त्यावरच्या माणसांची स्पिरिट्स, जुगारी, वेश्या, दारुडे, चुका करून शहाणे झालेले. म्हणून त्यांच्याकडे लोक पोटापाण्याच्या, नवऱ्याबायकोच्या गोष्टी विचारतात, ज्या प्रेतो वेल्योला विचारायला लाज वाटते. (प्रेतो म्हणजे काळा, वेल्यो म्हणजे म्हातारा, म्हाताऱ्या गुलामांची स्पिरिट्स ती. आपल्या कानाला प्रेत ऐकू येतं, आणि तसं चुकीचंही नाही म्हणा.) काही घरं एशूचं काम उघड करतात, काही दार बंद करून फक्त सभासदांपुरतं, काही म्हणतात आमच्याकडे नाहीच. तुमच्या आजींच्या घरात दरवाज्याशेजारी छोटी पेटी किंवा कोनाडा आहे का बघा, त्यात पेला आणि मेणबत्ती. असेल तर एशू तिथेही आहे, फक्त दाराबाहेर राहतो. मी पैज लावत नाही पण.

दारू-तंबाखूचं फार मनावर घेऊ नका. सिगारचा धूर साफसफाईला वापरतात, कशासाचा घोट किती आणि कोणाला हे घर ठरवतं, आमच्याकडे मीडियम, म्हणजे ज्याच्या अंगात येतं तो, गाडी चालवणार असेल तर पेला नुसता जवळ ठेवतात. प्राण्याचा बळी बहुतेक उंबांदा घरात नाही. कांदोंब्ले मिसळलेल्या घरात असू शकतो, आणि २०१९ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने आफ्रिकन परंपरेच्या धर्मांना तो हक्क आहे असा निकाल दिलाय. तुम्हाला जमत नसेल तर त्या दिवशी जाऊ नका, कोणी बोलावणारही नाही.

मग काहीही चालतं का? नाही. हा प्रश्न नेहमी येतो, की घरोघरी मातीच्या चुली म्हटलं तर कोणीही उठून भाड्याच्या खोलीत मेणबत्त्या लावेल आणि म्हणेल माझी उंबांदा. काही गोष्टी मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात सारख्या आहेत, ढोल असो नसो. काबोक्लो आणि प्रेतो वेल्यो येतात, म्हणजे या देशाने ज्यांना मारलं आणि राबवलं तेच लोक सल्ला द्यायला बसतात आणि डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब त्यांच्यापुढे लाकडी स्टुलावर बसून रडतात. ही गोष्ट माझ्या मते उंबांदाचं काळीज आहे. दुसरं, लोकांना बरं वाटावं म्हणून काम करायचं, कारिदादी, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. सभासद महिन्याची वर्गणी देतात, लाइटबिल भरतात, मेणबत्त्या आणतात, ते वेगळं. पण समोर बसलेल्या परक्या माणसाकडून सल्ल्याचे पैसे नाहीत. तिसरं, घराला आई असते. तुमची माँय कुठे शिकली असं विचारलं तर उत्तर येतं.

मी स्वतः फसलेय हे सांगून टाकते. ब्राझीलमध्ये आल्यावर दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी गेले होते, नाव घेत नाही, तिथे पहिल्याच भेटीत सांगितलं की तुझ्यावर कोणीतरी काम केलंय आणि ते काढायला माझ्या तेव्हाच्या अर्ध्या पगाराएवढे पैसे लागतील, तेही तीन हप्त्यांत. मी पहिला हप्ता दिला! कुडाळची मी, देवऋषींच्या गोष्टी ऐकत वाढलेली, आणि तरी दिला. तिथे ढोल पण छान होते, वेदीपण सुंदर, सगळं "परंपरेप्रमाणे". म्हणून मी आता ढोल मोजत नाही. मी बघते पैसे कोण मागतं, घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल मागे काय बोलतात, घाबरवतात का, आणि माँयला "मला हे पटलं नाही" असं सांगता येतं का. तुमच्या दोन्ही घरांना ही चाळणी लावून बघा. तुमच्या लिहिण्यावरून दोन्ही पास होतील असं वाटतंय.

इथवरचं दोन वाक्यात, कारण मी फार पसरलेय. दोन्ही घरं उंबांदाच आहेत आणि दोन्हींकडे जुनं असल्याचा पुरावा आहे, तेव्हा वय मोजून निकाल लागणार नाही. कुठलीही एक गोष्ट, ढोल असो की एशू, तिच्यामागचं कारण कळल्याशिवाय ती शुद्ध की अशुद्ध म्हणू नका.

आता तुमचं, हिंदू असण्याचं. येणाऱ्यांच्या बाकावर कोणीही बसू शकतं, कॅथलिक, बौद्ध, नास्तिक, कोणी धर्म विचारत नाही. पूर्वी तर उंबांदावाले स्वतःच जनगणनेत कॅथलिक किंवा स्पिरिटिस्ट लिहायचे, तुमच्या आजी अजूनही "मी एस्पिरिता", म्हणजे स्पिरिटिस्ट, असंच म्हणत असतील. २०१० च्या जनगणनेत उंबांदा आणि कांदोंब्ले मिळून लोकसंख्येच्या ०.३ टक्के होते, २०२२ मध्ये १ टक्का. माणसं अचानक तिप्पट झाली असं नव्हे, बरेचजण आता नाव सांगायला लागलेत, आणि तरुण मुलं तर गळ्यात माळ घालून मेट्रोने जातात. तुमची बायको त्या पिढीची, आजी लपवणाऱ्या पिढीच्या, हेही त्या भांडणात आहे बरं का.

एक मात्र सावध करते, आपण लगेच म्हणतो, अरे हे तर आपल्याकडचं अंगात येणं. मी पण म्हणायचे. आमच्याकडे सिंधुदुर्गात अवसर येतो, गाव गाऱ्हाणं घालतो, कौल घेतो, तेव्हा बोलते ती ग्रामदेवता, आणि प्रश्न बहुतेक गावाचा असतो. इथे बोलतो तो देव नव्हे. ओरिशा, म्हणजे ओगुम, येमांजा, ओशॉसी वगैरे, ते फार वरचे, ते सहसा सल्ला द्यायला बसत नाहीत. बोलतो तो एक मेलेला माणूस, त्याला स्वतःचं नाव आहे, आवडीनिवडी आहेत, आणि तो तुमच्या एकट्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलतो. साम्य आहे, नाही असं नाही, पण साम्य धरून बसलात तर समोरचा काय सांगतोय ते ऐकू येत नाही. आणि तुम्ही भारतीय म्हणून तुम्हाला पूर्वेच्या लिन्याबद्दल (लिन्या म्हणजे स्पिरिट्सचा गट), म्हणजे लिन्या दो ओरियेंतीबद्दल विचारतील, त्यात हिंदू, अरब, चिनी अशी स्पिरिट्स मानतात. काही कोंगांवर गणपती दिसेल. मला सुरुवातीला वाटायचं की सांगावं, सोंड अशी नको, इथे नको ठेवू. आता मी नमस्कार करते आणि गप्प बसते, तोही इथे पाहुणाच आहे.

एकाच संताची दोन घरात दोन रूपं दिसली तर दचकू नका. रिओ आणि साओ पावलोत सेंट जॉर्ज म्हणजे ओगुम, २३ एप्रिलला रिओ राज्यात सुट्टी असते. साल्व्हादोरला तोच घोड्यावरचा जॉर्ज म्हणजे ओशॉसी. येमांजाचा दिवस साल्व्हादोरला २ फेब्रुवारी, साओ पावलोच्या किनाऱ्यावर प्राया ग्रांदीला ८ डिसेंबरच्या सुमारास, रिओत ३१ डिसेंबरच्या रात्री. समुद्र एकच.

बातिझादोचं. इथे खरंच परिस्थितीवर आहे, म्हणून मला जे माहीत आहे ते सांगते. बहुतेक घरात पाणी, मेणबत्ती आणि पेंबा, म्हणजे पवित्र खडू, असतो, बाकी मीठ, तेल, पाला हे घराप्रमाणे. आई-वडलांशिवाय मानलेले आईबाप असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एक गियासुद्धा मुलीचा मानलेला बाप किंवा आई होतो. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे मूल मोठेपणी मीडियम होणारच असं नाही, ते तिचं ती ठरवेल. तुमच्या दोन्ही घरात तसंच आहे का हे आधी विचारून घ्या, हा प्रश्न बापाने विचारलेला कोणालाही आवडतो.

दोन्हीकडे करून टाकू असा सोपा विचार तुमच्या मनात आला असेल. काही माँय चालवून घेतात, आमची नाही घेणार, ती म्हणते एकदा दिलेलं नाव परत देत नाहीत. आमच्याकडे अशीच केस आली होती दोन वर्षांपूर्वी, आई एका घरातली, आजी दुसऱ्या. माँयने निकाल असा दिला की बाप्तिस्मा आई जिथे उभी राहते तिथे, कारण मूल तिच्यासोबत तिथे येणार आहे, पण मानलेली आई आजीच्या घरातली हवी आणि आजीने स्वतःच्या घरचं एक गाणं तिथे म्हणायचं, ढोल न वाजवता. तसं झालं. तिन्ही ढोल गप्प, ऐंशी वर्षांची बाई एकटी गातेय, आवाज कापतोय, आणि आमचा मोठा ओगां, जो एरवी लग्नातसुद्धा बोटांनी टेबल वाजवत असतो, हात पाठीमागे बांधून उभा. पुढच्या जिराला त्याने आजींकडून ते गाणं मागून घेतलं. आता आमच्याकडे ते प्रेतो वेल्योंच्या रात्री म्हणतो, १३ मेला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी. ढोलावर.

हे तुमच्याकडे जमेलच असं नाही, दोन्ही माँयशी बोलावं लागेल आणि बोलायचं काम बायकोचं आहे, तुमचं नाही. तुम्ही आजींशी बोला. तुम्ही बाहेरचे आहात म्हणून तुम्हाला त्या ज्या गोष्टी सांगतील त्या नातीला सांगणार नाहीत, नातीशी त्यांचं आधीच वाजलंय.

त्या दिवशीसाठी: पांढरे किंवा फिकट कपडे, काळं टाळा. चपला बाहेर, काही घरात स्त्रिया-पुरुष वेगळे बसतात ते बघून बसा. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि स्पिरिट आलेल्या माणसाचा तर नाहीच, नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नाही, नाहीतर काकांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मुलगी शाळेत जाईल. मुलीचा फ्रॉक थोडा सैल घ्या, पाणी डोक्यावरून मानेत जातं आणि सगळं ओलं होतं, दुसरा जोड आणि टॉवेल पिशवीत वरच ठेवा.